अमेरिकेचें वचन आणि अमेरिकेचें वर्तन

१७७६ सालच्या जुलैच्या ४ तारखेस फिलाडेल्फिया शहरीं तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनीं जो जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. मनुष्यमात्र जन्मतः समान आहे, आणि त्याचे मूळ हक्क कोणा राजाच्या मेहेरबानीनें मिळालेले नसून ईश्वरदत्त आहेत, हें तत्त्व राष्ट्राच्या पायाचा चिरा म्हणून बसविण्याचें धैर्य त्या पुरुषांनीं दाखविलें. परंतु ज्या जेफर्सनच्या लेखणींतून हें तत्त्व उतरलें, त्याच्याच मालकींत त्याच्या हयातींत सहाशेंहून अधिक माणसें गुलाम म्हणून होतीं. जाहीरनाम्यास २०२६ सालीं २५० वर्षें भरतात. त्या निमित्तानें वचन आणि वर्तन यांतील या तफावतीचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

यावर एक बचाव नेहमीं पुढें येतो, तो असा कीं, काळच तसा होता. आजच्या मापानें त्या माणसांस मोजूं नये. हा बचाव आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं, कारण आरोपीचीं स्वतःचीं कृत्येंच त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. जाहीरनाम्याच्या मसुद्यांत जेफर्सननें गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला होता. काँग्रेसनें तो भाग गाळून टाकला. १७८७ च्या राज्यघटनेंत प्रतिनिधींची संख्या ठरविण्यापुरते पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरला आहे, आणि गुलामास मत नसल्यामुळें या गणतीचा लाभ धन्याच्याच पदरांत पडला. १८०८ पर्यंत गुलामांची आयात बंद करण्यास मनाई होती, आणि पळालेला गुलाम धन्यास परत करण्याची सक्ति होती. इतकें असूनहि ‘गुलाम’ हा शब्द त्या मूळ घटनेंत कोठेंहि सांपडत नाहीं. दस्तऐवजांत जी गोष्ट सरळ नांवानें लिहिण्यास हात कचरतो, ती वाईट आहे हें लिहिणारास ठाऊक असतें, असें कचेरीची वहिवाट असलेला कोणीहि सांगेल.

पुढील इतिहासांत न्यायासनाचें वर्तन विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. १८५७ सालीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें असा निवाडा दिला कीं, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचा वंशज, मग तो स्वतंत्र कां असेना, अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध झालें, सुमारें ४० लक्ष गुलामांच्या बेड्या तुटल्या, आणि घटनेंत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ सालीं गुलामगिरी बंद झाली, १८६८ सालीं नागरिकत्व व कायद्याचें समान संरक्षण मिळालें, आणि १८७० सालीं वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी झाली. कागद शुद्ध झाला. व्यवहार मात्र झाला नाहीं. १८९६ सालीं प्लेसीच्या खटल्यांत त्याच कोर्टानें, काळ्या उतारूंस आगगाडीचा डबा निराळा ठेवल्यानें समानतेस बाध येत नाहीं, असें ठरविलें; विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ति हार्लन यांचें. दक्षिणेंत साक्षरतेच्या परीक्षा, मतदानावरील पट्टी आणि जमावाची दहशत यांच्या बळावर काळ्या लोकांचें मत हिरावून घेण्यांत आलें. शाळांतील वर्णभेद बेकायदेशीर ठरण्यास १९५४ साल उजाडावें लागलें, आणि मताच्या हक्कास खरें संरक्षण देणारा कायदा १९६५ सालीं झाला. म्हणजे दुरुस्तीनंतर ९५ वर्षांनीं! त्याहि कायद्याची एक प्रमुख तरतूद २०१३ सालीं कोर्टानें निकामी केली.

यावरून कित्येक असें अनुमान काढतात कीं, तो जाहीरनामा म्हणजे शुद्ध थोतांड. हेंहि मत आम्हांस मान्य नाहीं. गुलामगिरींत जन्मून तींतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस १८५२ सालीं रॉचेस्टर येथें स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवांतील ढोंगावर तुटून पडला. परंतु जाहीरनाम्याचीं तत्त्वें त्यानें टाकून दिलीं नाहींत, उलट त्यांवरच आपला दावा उभारला. १९६३ सालीं मार्टिन ल्यूथर किंग यांनीं त्याच वचनास न वटलेल्या चेकाची उपमा दिली. आमच्या व्यापारी वाचकांस ही भाषा समजावून सांगावयास नको. हुंडी खोटी नव्हती. पेढीनें ती सकारली नव्हती. अशा वेळीं हुंडी फाडून टाकणारा नव्हे, तर ती घेऊन पुन्हां पुन्हां पेढीच्या दारीं उभा राहणारा मनुष्यच पेढीची पत राखतो. अमेरिकेची पत अशा रीतीनें तिच्या काळ्या नागरिकांनीं राखिली आहे.

या प्रकरणाशीं आमचा संबंध केवळ प्रेक्षकाचा नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला, तो स्वदेशीयांपुढें कित्ता ठेवण्याच्या हेतूनें. १९२३ सालीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें भगतसिंग थिंद यांस, ते गोरे नव्हेत म्हणून, नागरिकत्व नाकारलें. त्याच १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बोले यांचा ठराव पास होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. पुढें काय झालें? १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांसह महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्यालेल्या लोकांस मार खावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल यावें लागलें. थिंद यांचा अपमान तो राष्ट्राचा अपमान, आणि महाडचा अपमान ती गांवची रूढि, असा दुहेरी हिशेब ठेवणारास अमेरिकेवर टीका करण्याचा अधिकार उरत नाहीं.

१९५० पासून अंमलांत आलेल्या आमच्या घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली आहे. कलम निःसंदिग्ध आहे. परंतु कलम आपल्या पायांनीं गांवांत चालत जात नाहीं. त्यास माणसांनीं न्यावें लागतें. अमेरिकेंत हें काम ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यावरच लोटण्यांत आलें, आणि तेवढा काळ फुकट गेला. आमच्याकडे तें काम ज्यांच्या हातीं पेढी आहे त्यांनीं करावें, कारण देणें त्यांच्या नांवावर आहे.