जुनी गाडी आणि झाकलेला ऐब

मागच्या महिन्यात मी माझी जुनी कार विकली. 2008 सालची, आठशे सीसीची पेट्रोल गाडी. जळकोटकडचा एक तरुण बघायला आला. त्यानं बोनेट उघडलं, दोन मिनिटं आत पाहिलं आणि बंद केलं. गाडी धुऊन पुसून ठेवलेली होती, त्याला पसंत पडली. मग मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. क्लच फार तर सहा महिने चालेल, खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंगमधून आवाज येतो आणि डाव्या दाराखालचा पत्रा आतून गंजलाय. त्यानं तिथल्या तिथे 12,000 रुपये कमी केले. मी मान्य केलं.

घरात दोन दिवस यावरच बोलणं चाललं. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, त्यानं विचारलं होतं का? नाही ना? मग सांगायची काय गरज होती?"

प्रश्न बरोबर आहे. बाजार असाच चालतो. पण हीच गाडी मी घेतली तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याची किंमत मला माहीत आहे.

2018 मध्ये 90,000 रुपयांना घेतली. एमएच-12 पासिंग. देणारा म्हणाला होता, "गाडीला एक रुपयाचं काम नाही." तीन आठवड्यांनी, मे महिन्याच्या उन्हात, अम्मीला सोलापूरला दवाखान्यात घेऊन निघालो. बोरामणीच्या पुढे काटा लाल रेषेवर गेला आणि बोनेटखालून वाफ यायला लागली. तासभर हायवेच्या कडेला अम्मीला ओढणीच्या सावलीत बसवून उभा होतो. शेवटी एक जीप थांबली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं तेव्हा कळलं, हेड गॅस्केट गेलेलं, रेडिएटरची गळती पावडर टाकून तात्पुरती बुजवलेली. म्हणजे विकणाऱ्याला सगळं माहीत होतं.

पुढच्या दीड वर्षाचा हिशेब माझ्या वहीत आहे. हेडचं काम, रेडिएटर आणि वॉटर पंप मिळून 11,800. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग 5,200. पुढचे शॉकअप, लोअर आर्म, व्हील बेअरिंग 7,400. चार टायर 10,000. बॅटरी 3,600. टायमिंग बेल्ट 2,000. एकूण 40,000. गाडीची खरी किंमत 90,000 नव्हती, 1,30,000 होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दहा वर्षांच्या कुठल्याही गाडीला थोड्याफार फरकानं हीच कामं निघतात. होज, बुश, बेल्ट, सील हे सगळं रबर आहे. गाडी कमी फिरली म्हणून रबर तरुण राहत नाही. त्यामुळे "फक्त तीस हजार किलोमीटर" ऐकून भुलू नये. आकडा मागे फिरवताही येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघावं.

आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, गाडी देखके मत लो, सुनके लो." इंजिन थंड असताना जावं आणि आपल्यासमोर पहिल्यांदा चालू करायला लावावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता आहे. ऑइलचं झाकण काढून बघावं. आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर हात जोडून परत यावं. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपत आलाय. टायरवर चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुना टायर जुनाच.

कागदाचा खर्चही धरायला हवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी पूर्वी 600 होती, 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाली. उशीर झाला तर महिन्याला 500 वेगळे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ही फी 10,000 केली गेली. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून खूश होण्याआधी आरसी बुकवरची तारीख वाचावी. माझं साधं मत आहे, जितके पैसे गाडीला देणार त्याच्या निम्मे बाजूला असतील तरच जुनी गाडी घ्यावी.

आता भावाच्या प्रश्नाकडे येतो. 'ऐब' हा शब्द मी उर्दूच्या वर्गातही शिकवतो आणि मराठीच्याही. दोन्हीकडे अर्थ तोच, दोष, खोट. इस्लामी कायद्यात 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क आहे. विकलेल्या मालात लपलेला दोष निघाला तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. सहीह मुस्लिममधला प्रसंग आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. मदिनेच्या बाजारात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. पावसाबद्दल त्याला कुणी दोष दिला नाही. त्याला विचारलं गेलं ते एवढंच की भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही. गाडीचंही तसंच आहे. क्लच झिजणं हा गुन्हा नाही, पत्रा गंजणं हाही नाही. ते आत दाबून वरून पॉलिश मारणं हा गुन्हा आहे. आणि त्या व्यापाऱ्यालाही आधी कुणी काही विचारलं नव्हतं.

ही गोष्ट फक्त धर्माची नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : चांगली गाडी कुठली आणि खराब कुठली हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि खराब तेवढ्या उरतात. म्हणजे एकाच्या लबाडीचा दंड दुसरा प्रामाणिक माणूस भरतो.

मान्य आहे, 12,000 रुपये सगळ्यांना सोडता येत नाहीत. मुलीच्या फीसाठी गाडी विकणाऱ्याला मी उपदेश करणार नाही. खरं सांगणाऱ्याबद्दल घेणाऱ्याला उलट संशय येतो की अजून काय काय लपवलंय, हेही खरं. म्हणून नुसत्या नीतीवर भागत नाही, रीत बदलायला हवी. विकणाऱ्यानं कामांची बिलं जपून ठेवावीत आणि गाडीसोबत द्यावीत. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, त्यासोबत साध्या कागदावर गाडीचे माहीत असलेले दोष लिहून दोघांनी सही करावी. आणि घेणाऱ्यानं आपला मिस्त्री आपल्या पैशानं न्यावा. आपल्याकडे मिस्त्रीला तपासणीचे पाचशे रुपये द्यायला जिवावर येतं, मग तो विकणाऱ्याकडून कमिशन घेतो. ज्याचे पैसे घेतले त्याचीच बाजू तो बोलणार.

परवा त्या जळकोटच्या तरुणाचा फोन आला. क्लच बदलून घेतला म्हणाला, 5,600 लागले. मला वाटलं, आता तक्रार करणार. पण त्यानं विचारलं, "सर, माझ्या मामांना एक जुनी गाडी घ्यायचीय. बघायला याल का?"

भावाला अजून हे सांगितलेलं नाही. रविवारी गाडी बघायला जाताना त्यालाच सोबत नेणार आहे.