विमानतळाबाहेरचा पहिला अर्धा तास

वाळूजच्या बजाजनगरातून परदेशी जाणाऱ्याची एक गंमत आहे. उतरल्यावर ज्या वाहनाच्या भाड्यावरून त्याला हुज्जत घालायची असते, ते पुष्कळदा त्याच्याच गल्लीतल्या कुणीतरी जोडलेलं असतं. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि इथल्या तीनचाकी कैरो, लिमा, कोलंबोपर्यंत पोचल्या. जकार्ता आणि दारेसलाममध्ये तर रिक्षाला लोक ‘बजाज’च म्हणतात. पण मी वाळूजचा आहे असं सांगितल्यानं तिथला रिक्षावाला भाडं कमी करत नाही. करावं तरी का?

कंपनीच्या कामाला जाणारे असोत, की लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेले आईवडील. तिकीट, व्हिसा, लोणच्याच्या बरण्यांचं वजन, सगळं चार-चारदा तपासलं जातं. बॅग ताब्यात आल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचा वेळ मात्र रामभरोसे. आणि नेमका तेव्हाच माणूस सगळ्यात गाफील असतो. रात्रभर झोप नसते, नोटा ओळखीच्या नसतात, फोनला रेंज नसते.

आधी पैशांचं बोलू. एके काळी आठ डॉलर खिशात घालून माणसं परदेशी जायची, कारण सरकार त्याहून जास्त देतच नसे. आता बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, बाकीचे फॉरेक्स कार्डावर. त्यामुळे अडचण पैशांची नसते, सुट्ट्यांची असते. शंभर डॉलरची कडक नोट टॅक्सीवाल्याच्या काय कामाची? आमच्या ओळखीचे एक सर्व्हिस इंजिनिअर आहेत, कामानिमित्त सतत फिरतीवर असतात. ते विमानतळातच एटीएममधून थोडे पैसे काढतात आणि मशीननं दिलेली सगळ्यात मोठी नोट मोडून पाण्याची बाटली घेतात. तहान असो वा नसो. बाटली बॅगेत, सुटे शर्टाच्या वरच्या खिशात, पाकीट आत. भाडं देताना पाकीट बाहेर काढायचंच नाही, हा त्यांचा नियम. ‘सुटे नाहीत साहेब’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषेत ऐकू आलं तरी कळतं, असं ते म्हणतात.

एटीएमचंही एक आहे. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्ड फक्त देशातच चालेल असं मिळतं. परदेशातला वापर आपण बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावा लागतो. हे घरी बसून दोन मिनिटांचं काम आहे. तिकडे पोचल्यावर करायला गेलात तर ओटीपी येणार इथल्या सिमवर, आणि रोमिंग घेतलेलं नसणार. विमानतळाचं फुकट वायफायही बऱ्याच ठिकाणी आधी मेसेजवरचा कोड मागतं. झालं! आणि पैसे काढताना मशीननं ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारलं, तर आपुलकी वाटून हो म्हणू नका. तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर दर मशीनवाले ठरवतात. यूपीआय सिंगापूर, दुबईतल्या काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर टॅक्सीत बसू नये.

आता टॅक्सी. जो आपणहून जवळ येतो, बॅगेला हात लावतो, तो आपला टॅक्सीवाला नव्हे. आपला टॅक्सीवाला बाहेर रांगेत उभा असतो आणि आपल्याकडे बघतही नाही. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर मशीनमधून चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवरच्या क्रमांकाच्या गाडीत बसायचं आणि ती चिठ्ठी जपून ठेवायची. मीटरवर ५० बाथ जास्त मागितले तर ती लूट नाही, विमानतळाचा आकार आहे. दुबईत विमानतळावरून मीटर सुरू होतो तोच २५ दिरहॅमला. हे ठाऊक नसलं की आपण प्रामाणिक माणसाशी भांडतो आणि कुणी ‘भाईसाब, इंडिया से?’ म्हणत गोड बोलला की विरघळून त्याच्या गाडीत बसतो. माझ्या मते परदेशात आपली फसवणूक परकेपणामुळे कमी आणि अशा आपलेपणामुळे जास्त होते.

परत आलेली मंडळी तिकडच्या टॅक्सीवाल्यांचे किस्से रंगवून सांगतात, तेव्हा मला आपलं शहर आठवतं. वेरूळ-अजिंठ्याला जगभरातून लोक येतात, शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांत परदेशी तंत्रज्ञ येतात. चिकलठाण्याच्या विमानतळावर किंवा रेल्वे स्टेशनवर उतरलेल्या त्या पाहुण्यानं रिक्षाचा मीटर टाका म्हणून बघावं! शहरातल्या बाबा पेट्रोल पंपावरून वाळूजजवळच्या पंढरपूरला, बजाजनगरला शेअर रिक्षाचे किती होतात, हे इथल्या प्रत्येक कामगाराला पाठ असतं. ते कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून नवख्याला माहीत नसतं. जपानी असो की जालन्याचा, त्याला सांगितला जाईल तो भाव. यात रिक्षावाल्याला मी एकट्याला धरणार नाही. रिकामं परतावं लागलं तर डिझेल-गॅसचा खर्च त्याच्याच बोडक्यावर बसतो, आणि लांबच्या भाड्यात तो तेच वसूल करतो. पण भाव आधी समोर असला तर वाद निम्म्यावर येतील.

म्हणून परिवहन कार्यालयाला एवढीच विनंती. विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानकाच्या दारात एकेक फलक लावा. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. सिडको, शेंद्रा, बजाजनगर, वेरूळ. दिवसाचं भाडं इतकं, रात्रीचं इतकं, आणि खाली तक्रारीचा नंबर. तो नंबर कुणीतरी उचलेल, एवढंही बघा.