अळूच्या भाऊबंदाची दोरी



गाडीवरचे ओझे आवळायला चऱ्हाट, खाटेला सुंभ, भाजीच्या जुडीला केळीचा सोपट. बांधायच्या वस्तू आपल्याला नव्या नाहीत. पण परसात सांडपाण्यावर वाढणाऱ्या अळूच्या कुळातल्या एका वेलीने कोणी घराचे वासे बांधतो, असे सांगितले तर घरातली मंडळी हसतील. ही वेल दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या दाट पावसाळी रानात होते. ब्राझीलमध्ये तिला सिपो-तितिका म्हणतात, गयानात निबी. शास्त्रीय नाव हेटेरॉप्सिस फ्लेक्सुओसा.

तिची वाढण्याची तऱ्हा मोठी गमतीची आहे. बी जमिनीवर रुजते आणि रोप जवळच्या झाडावर चढू लागते. वर गेल्यावर खालचे खोड मरते, जमिनीशी नाते तुटते. मग वेल वरून मुळ्या सोडते. आखूड मुळ्या झाडाला धरून ठेवतात; लांब मुळ्या वडाच्या पारंबीसारख्या लोंबत जमीन गाठतात आणि पाणी व अन्न वर पोचवतात. झाडावर बसली तरी ही बांडगुळासारखी त्याचा रस पीत नाही, बरे का!

कामाच्या त्या या लांब मुळ्या. कोवळी मुळी उपयोगाची नाही, ती टिकत नाही. जमिनीत शिरून पक्की झालेली मुळी माणूस खालून हिसडा मारून ओढतो. वरून वाळकी फांदी डोक्यात पडायची भीती असतेच. मग गाठी काढायच्या, साल सोलायची आणि मुळी उभी चिरायची. ओली असताना ती हवी तशी वळते, वाळली की घट्ट बसते. वासे बांधणे, टोपल्या, झाडू, टोप्या, सगळे तिच्यातूनच होते. यानोमामी बायका हिच्या मोठ्या टोपल्या विणून शेंदरीच्या बियांनी लाल रंगवतात. सालीचा पट्टा कपाळावर घेऊन त्या पाठीवर वाहतात. शेतातला माल, सरपण, सगळे त्यातच. गयानात कुफा नावाच्या दुसऱ्या वनस्पतीच्या जाड मुळ्यांचा सांगाडा करतात आणि त्यावर निबी विणून खुर्च्या बनवतात.

घरापुरते तोडत होते तोवर ठीक होते. शहरात वेताच्या सामानासारखे याचेही सामान खपू लागले आणि गोष्ट बिघडली. वेलीचे तोंड म्हणजे या मुळ्या. सगळ्या ओढून घेतल्या तर वर बसलेली वेल उपाशी मरते. नवी मुळी खाली पोचायला वर्षे लागतात. जवळपासचे रान रिते झाले की तोडणाऱ्याला आणखी आत, दिवसदिवस चालत जावे लागते. भारा पाठीवर त्याचा, नफा मात्र शहरातल्या दुकानाचा. आपल्याकडच्या डिंक-मध गोळा करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. ब्राझीलच्या आमापा राज्याने 2001 मध्ये या वेलीच्या तोडीवर नियम घालणारा कायदा केला. मला तो उशिराच वाटतो. पण रानात कोण पाहायला जातो, हाही प्रश्न आहेच.

जाणता तोडणारा मात्र आधी मान वर करून मुळ्या मोजतो. पिकलेल्या काही ओढतो, कोवळ्यांना हात लावत नाही, आणि पिकलेल्यांपैकीही काही वेलीला खायला ठेवतो. पुढच्या खेपेला तो त्या झाडाखाली येत नाही, दुसरे शोधतो.