तीरावर न उतरतां

शाळेंत असतांना रघुवंशाचा तेरावा सर्ग मीं कित्येक वर्षें शिकविला. लंकेहून परततांना राम सीतेस विमानांतून खालचा समुद्र दाखवितो, तो हा सर्ग. लाटांचें वर्णन मी मुलांना पदच्छेद करून सांगत असें; परंतु तीर हें सागराच्या बाजूनें कसें दिसतें, हें स्वतः कधीं पाहिलें नव्हतें. तो योग साठी उलटल्यावर आला, आणि तोही फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. पुतण्या तिकडे नोकरीस आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गेलों. माझ्या पणजोबांच्या पिढींत समुद्रपर्यटन केलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. आमच्या सौभाग्यवतीनें मात्र जातांना डब्यांत मेतकूट तेवढें घेतलें.

मार्सेल्सचें नांव आपल्या घरांतून अपरिचित नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं बोटींतून उडी घेतली ती याच बंदरांत. तेथून सुमारें २० किलोमीटरांवर कोळ्यांचें एक लहानसें गांव आहे. लिहितात ‘कासिस’, म्हणतात ‘कासी’. सौ. म्हणाली, “काशीस जायचें राहिलें, निदान कासी तरी घडली!”

पहिला दिवस वाया गेला. ‘मिस्त्राल’ नांवाचा वायव्येचा वारा सुटला म्हणजे लाँच सुटत नाहींत. दुसऱ्या दिवशीं पाऊण तासाची फेरी मिळाली. चुनखडीचे पांढरे कडे सरळ पाण्यांत उतरलेले, त्यांच्या भेगांतून देवदाराच्या जातीचीं झाडें, आणि मध्यें आंत शिरलेल्या निळ्या चिंचोळ्या खाड्या. यांना ‘कलांक’ म्हणतात. पूर्वीं या नद्यांच्या दऱ्या होत्या. हिमयुगांत समुद्र आजच्यापेक्षां शंभर मीटरांहून अधिक खालीं होता. बर्फ वितळून पाणी चढलें व दऱ्या बुडाल्या.

याच किनाऱ्यावर पाण्याखालीं ३७ मीटरांवर एका गुहेचें तोंड आहे. आंरी कोस्केर या पाणबुड्यानें ती १९८५ सालीं शोधली. आंत घोडे, सील, समुद्रपक्षी यांचीं चित्रें आणि माणसांच्या पंजांचे ठसे आहेत. त्यांतील कित्येक २७ हजार वर्षांपूर्वींचे. १९९१ सालीं तिघे जण त्या वाटेंत बुडून गेले, आणि त्यानंतरच गुहेचा शोध जाहीर झाला. आतां ती बंद आहे. २०२२ पासून मार्सेल्समध्यें तिची प्रतिकृति पाहावयास मिळते. चढणाऱ्या समुद्रानें मूळ चित्रें मात्र हळूहळू पुसलीं जात आहेत.

‘आं-वो’ नांवाची खाडी आली. तळाशीं खडे मोजावे इतकें पाणी स्वच्छ. सौ.नें जन्मांत प्रथमच एवढा समुद्र जवळून पाहिला होता. ती म्हणाली, “अहो, क्षणभर उतरूं या, पाय तरी बुडवूं.” मीं पुतण्यास विचारलें. तो म्हणाला, “काका, या फेरींत उतरतां येत नाहीं.” मला राग आला. इतक्या दूर यावें, पैसे मोजावे, आणि पाण्यास स्पर्शही नाहीं!

मग त्यानें कारण सांगितलें. २०१२ पासून हें राष्ट्रीय उद्यान आहे. माणसांच्या पायांनीं माती झिजून झाडांचीं मुळें उघडीं पडूं लागलीं. म्हणून २०२२ पासून शेजारच्या ‘सुजितों’ खाडींत उन्हाळ्यांत दिवसाला ४०० माणसांनाच, आधीं नोंदणी केल्यास, प्रवेश आहे. खालीं समुद्रगवताचीं कुरणें आहेत. तीं अत्यंत मंद वाढतात, आणि नांगराच्या एका ओढीनें उपटलीं जातात.

मी निरुत्तर झालों, पण राग गेला नव्हता. तो सौ.नें घालविला. ती शांतपणें म्हणाली, “गाभाऱ्यांत सगळेच शिरले, तर देवास उभें राहायला जागा कोठें उरेल? बाहेरून दर्शन झालें, तें कमी कां?”

वाचकहो, आपल्या घरांतूनही हल्लीं मंडळी दूरदेशीं जातात. अवश्य जावें, आणि वडीलधाऱ्यांना गुडघे चालतात तोंवरच न्यावें. मात्र प्रत्येक ठिकाणीं पाऊल उमटविलेंच पाहिजे, हा हट्ट घरींच ठेवावा. सर्ग शिकवितांना रामानें विमान वाटेंत खालीं कां उतरविलें नाहीं, हा प्रश्न मला कधीं सुचलाच नव्हता.