विश्लेषण : गुऱ्हाळाच्या धुरातून वीज मिळेल का?

सातारा-सांगलीत गाळप हंगाम सुरू झाला, की अनेक साखर कारखाने उसाच्या बगॅसवर वीजही तयार करतात. मग गुऱ्हाळाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाच-दहा किलोवॉट वीज का मिळू नये? तत्त्वतः मिळू शकते. पण सगळे गणित ‘एक्सपांडर’ या यंत्रावर अवलंबून आहे.

एक्सपांडर म्हणजे काय?

दाबाखालची वाफ प्रसरण पावताना ज्या यंत्राला फिरवते, ते एक्सपांडर. कारखान्यात हे काम टर्बाइन करते. छोट्या संचात पाण्याऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात. या पद्धतीला ‘ऑरगॅनिक रँकिन सायकल’ म्हणतात. अलास्कातील चेना येथे २००६ पासून सुमारे ७४ अंश सेल्सिअसच्या भूगर्भीय पाण्यावर अशी वीज तयार होते.

छोटे टर्बाइन का चालत नाही?

काही किलोवॉटचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या प्रचंड वेगाने फिरवावे लागते. शिवाय यंत्र लहान झाले, तरी पाती आणि कवच यांतील फट त्या प्रमाणात कमी होत नाही. गळती वाढते. म्हणून एसीमध्ये असतो तसा स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा चालवण्याचा पर्याय पुढे आला.

चाचणीतून काय दिसले?

बेल्जियममधील लीएज विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा यंत्राची चाचणी घेऊन त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. कमाल शक्ती सुमारे १.८ किलोवॉट आणि कमाल कार्यक्षमता ६८ टक्के मिळाली. मोजमापांशी पडताळलेल्या गणिती प्रारूपातून तोट्याची कारणेही कळली. सर्वात मोठे कारण होते अंतर्गत गळती. त्यानंतर आत येतानाची दाबघट आणि घर्षण.

फरक किती पडतो?

एक काल्पनिक हिशेब पाहू. आदर्श प्रसरणातून १५ किलोवॉट मिळतील आणि पंप व पंख्याला २.५ किलोवॉट लागतील, असे धरू. एक्सपांडर ७० टक्के कार्यक्षम असेल, तर हाती ८ किलोवॉट उरतात. ५० टक्के असेल, तर फक्त ५. हंगामात १,२०० तास चालल्यास ९,६०० ऐवजी ६,००० युनिट. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच!

गुऱ्हाळमालकाने काय विचारावे?

शेतकरी पंप घेताना ‘किती हेडला किती पाणी?’ असे विचारतो. इथेही तेच करावे. ‘कमाल कार्यक्षमता’ हा एकच आकडा पुरेसा नाही. चुलाणाची आच कमी-जास्त होते, दुपारी थंड करणारे पाणीही तापते. अशा बदलत्या स्थितीत, पंप-पंख्याचा खर्च वजा करून किती वीज उरते, याचा चाचणी अहवाल मागावा. तो नसेल, तर त्याच पैशात चुलाण सुधारून धुरातील उष्णता रस तापवायला वापरणे अधिक शहाणपणाचे.