बिस्किटाच्या पुड्याचा हिशेब

मोबाइलवर अधूनमधून एक चित्र फिरत असते. पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मेणकागदी पुडा, त्यावरची ती गोबऱ्या गालांची मुलगी, शेजारी चहाचा कप आणि खाली बालपणाचे गोडवे. आपल्या वस्त्यांतल्या गटांवरही ते येते आणि भरभरून उत्तरे येतात. आरोग्याच्या पानाने या आठवणीवर विरजण घालावे असे आम्हांला वाटत नाही. पण आपली बिस्किटाची आठवण इतरांसारखी नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

पार्ले कंपनीने १९३९ मध्ये विलेपार्ल्याला बिस्किटे करायला सुरुवात केली. तोवर बिस्किट म्हणजे साहेबाच्या चहाबरोबरचा विलायती पदार्थ. पुढे ते स्वस्त झाले, एसटी स्टँडवर आणि गावच्या दुकानात पोहोचले. त्या काळी किती तरी गावांत हॉटेलमध्ये आपल्या माणसाची कपबशी वेगळी असे. बाहेर ठेवलेली, ज्याने प्यायली त्यानेच विसळून परत जागेवर ठेवायची. अशा गावात बंद पुडा हा वेगळाच जिन्नस होता. दुकानदाराने तो हातात न देता वरून टाकला असेल, पण पाटलाच्या घरी जायचा तोच पुडा आपल्या घरी यायचा. शिळा नाही, उरलेला नाही, कुणी ओंजळीत वाढलेला नाही; पैसे मोजून घेतलेला. ज्या घरांनी दारोदार भाकरी मागण्याचे दिवस पाहिले, तिथे पाहुण्यापुढे बशीत चार बिस्किटे मांडताना मान ताठ होत असे. ती आठवण कुणी हसण्यावारी नेऊ नये.

मात्र मानाची वस्तू पौष्टिक असतेच असे नाही. पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. घटक जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहावे असा नियमच आहे. आधी मैदा, मग साखर, मग पामतेल. साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण चौथा हिस्सा साखर असते. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या छोट्या पुड्यात बारा-तेरा ग्रॅम, जवळजवळ तीन चमचे. सोबत दोन चमचे साखरेचा चहा घेतला तर बावीस-तेवीस ग्रॅम झाले. वरून मिळणारी साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवणे चांगले, असे जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी सांगते. सकाळच्या एका चहात दिवसाचा वाटा संपला! आणि प्रथिने? त्या पुड्यात तीन-साडेतीन ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यातही जवळपास तेवढीच.

मोठ्यांचे एक वेळ सोडून देऊ. आम्हांला खरी चिंता आहे ती दात यायच्या आधीच बिस्किटाला लागणाऱ्या बाळांची. आई कामावर जाते, आजी चहात बिस्किट भिजवून भरवते, बाळ शांत झोपते. 'ग्लुकोज' या शब्दाने आपल्यावर मोठी मोहिनी घातली आहे. ग्लुकोज म्हणजे ताकद, दवाखान्यातल्या बाटलीसारखी! ग्लुकोज ही साखरच. बाळाचे इवलेसे पोट मैद्याने भरले की वरणभाताला जागा उरत नाही, आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची देशातली ६७ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. त्याला बिस्किट हे एकच कारण नाही, हे उघड आहे. पण सहा महिन्यांनंतर बाळाला घट्ट वरणात कुस्करलेला भात, नाचणीची खीर, शिजवून कुस्करलेले अंडे, मऊ केलेली मासळी देता येते. चहा मुळीच नको.

शाहू पाटोळे यांना 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहावे लागले, कारण आपल्या चुलीवरचे पदार्थ पाककृतींच्या पुस्तकांत नव्हते. लाचारीने आलेले अन्न आपण टाकले ते योग्यच केले. पण त्याच झटक्यात ज्वारी, हुलगे, सुकट, रानभाज्याही गरिबीची खूण म्हणून ताटातून गेल्या, याचे आम्हांला वाईट वाटते.

मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले, हे आपल्याला ठाऊक आहे. देशात आज दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, मात्रा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून रोज जेवताना म्हणायला लावली आणि हळूहळू नाळीभर भातावर आला. हळूहळू, हे महत्त्वाचे.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपली मंडळे प्रेमाने चहा-बिस्किटे वाटतात. दूरवरून चालत आलेल्याला त्याचा आधार असतो. २०२० च्या टाळेबंदीत पायी निघालेल्या मजुरांना याच पुड्यांनी तगवले, तेही आपण पाहिले. तरीही वर्गणी गोळा करणाऱ्यांनी यंदा फुटाणे, भाजके शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी यांचा भाव विचारून पाहावा. शाळेतल्या अंड्यासाठीचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला आणि लोकसहभागातून द्या असे सांगितले. सरकारने हात झटकले त्याचा निषेध करावाच, आणि पोरांचे अंडे चुकू नये म्हणून विहाराच्या मंडळाने शाळेत चौकशीही करावी.

रुग्णाला भेटायला जातानाही हातात पुडाच असतो. साखरेचा आजार असलेल्याच्या उशाशी असे सात-आठ पुडे साठलेले आम्ही पाहतो. त्याऐवजी पेरू न्या, नाहीतर घरून डब्यात मुगाचे वरण न्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या आजीला चहात बुडवून दोन बिस्किटे खायची असतील, तर खाऊ द्या. तिला मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, चहातली साखर काढून, दोनच. पुडा मात्र तिच्या हाताशी न ठेवता फळीवर ठेवा.