चकाचक गाडीचं ऊन-पाणी

दुबईत नोकरी लागली की अनेकजण आधी सेकंड हँड गाडी शोधतात. तिथे पाऊस तुरळक, त्यामुळे पत्रा सहसा गंजत नाही आणि गाडी चकाचक दिसते. फसगत तिथेच! ४५ अंशांच्या उन्हात टायर, बॅटरी, रबरी पाइप झिजतात, किलोमीटर कमी असले तरी. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. एसी भर दुपारी, गाडी उभी ठेवून तपासा.

त्यात एप्रिल २०२४मध्ये अमिरातीत ७५ वर्षांतला विक्रमी पाऊस झाला. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विक्रीला येऊ शकतात. म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढा. टोकाला चिखलाचा डाग दिसला, तर सौदा तिथेच सोडा. पहिल्या पगारांची बचत आहे ती!